दोनशे ग्रॅम

शरणपूर रोडला माझं दुकान, आठ बाय दहा.
नावातच शरण आहे, कधी लक्ष गेलं नव्हतं.
पाटीवर लिहिलंय: वजनकाटे दुरुस्त करून मिळतील.
पाटी खोटी नव्हती, अर्धी होती.
बिघडवूनही मिळायचे.

अंबड लिंक रोडच्या काही भंगारवाल्यांना
किलोमागे दोनशे ग्रॅम गिळणारा काटा हवा असायचा.
तो मी द्यायचो, सील शाबूत ठेवून,
केसाएवढी तार बोर्डाच्या पोटात.
एका काट्याचे बाराशे. पावती नाही.

त्या गुरुवारी दुपारी लाइट गेली.
पंखा थांबला, समोरचं झेरॉक्स थांबलं.
मी पाच किलोचं पितळी वजन फडक्याने पुसत होतो.
वडिलांचं वजन. योनाथान त्रिभुवन यांचं,
ज्यांनी उभ्या हयातीत एक काटा वाकडा सोडला नाही
आणि भाड्याच्या खोलीत मेले.

तेव्हा दुकानात कोणी आलं.

म्हणजे, कोणी आलं नाही.
दार अर्धं उघडं तसंच, उंबऱ्यावर ऊन तसंच.
पण स्टुलावर माणूस बसलेला असावा
तशी खोली भरली,
आणि मी उठून उभा राहिलो, हातात फडकं.

शब्द ऐकला म्हणालो तर खोटं होईल,
आणि खोटं त्या घडीला जमेना.
रविवारी मी तिसऱ्या बाकावर असतो,
प्रभुभोजनाचा प्याला दोन्ही हातांनी घेतो.
तिथे असं कधी झालं नाही.
तिथे मी तयारीने जातो, भांग पाडून.
इथे त्याने मला कामावर गाठलं.

रागावला नव्हता. रागावला असता
तर भांडलो असतो: मुलीची फी,
सुवार्ताचं ऑपरेशन, यादी पाठ होती.
तो नुसता होता. वजन असतं तसा.
पितळ काही बोलत नाही,
काटाच लाजतो.

लाइट आली. पंखा फिरला. झेरॉक्स सुरू.
वाटलं, गेला.
गेला नव्हता, मोटरसायकलवर मागे बसला
आणि मी किक मारली.

एकोणीस काटे.
पहिल्या शेटने चहा पाजून हाकललं.
दुसरा म्हणाला, त्रिभुवन, डोकं फिरलं का?
हो, म्हणालो. दुसरं नाव सुचेना त्याला.
तिसऱ्याने काटा मुकाट पुढे सरकवला,
का ते त्याचं त्याला माहीत.
सातव्याने कॉलर धरली.
महिनाभरात नऊ सरळ झाले.
दहा अजून खोटं बोलतात, माझ्याच आवाजात.

आणि ज्यांचे दोनशे ग्रॅम, त्या कुठे शोधायच्या?
पहाटे चारला पोतं घेऊन निघणाऱ्या बायांचं
रजिस्टर नसतं.
एक भेटली पाथर्डी फाट्याला, लंकाबाई.
सगळं सांगितलं, उभ्यानेच. पाकीट पुढे केलं.
तिने तंबाखू मळली, वेळ घेतला.
म्हणाली, ठाऊक होतं रे.
म्हणून तर पुठ्ठा भिजवून आणायची,
बाटल्यांत माती भरायची, जराशी, जड व्हावी म्हणून.
आता तुझा काटा खरा झाला
तर ह्या मातीचं मी काय करू?

मी हसलो. ती हसली नाही.
पैसे मोजले, पन्नासची एक नोट परत दिली,
ही जास्तीची.
मग पोत्यातून एक बाटली काढली, बूच फिरवलं,
आणि रस्त्याच्या कडेला माती ओतत बसली,
एक झाली की दुसरी.
मीही बसलो. बरीच बुचं घट्ट होती.

तारेची गुंडाळी अजून ड्रॉवरमध्ये आहे.
बोटांना जागा अजून पाठ आहे,
काळोखातही लावतील.
म्हणून सकाळी शटर वर गेलं की
आधी स्टुलावरची धूळ पुसतो,
मग काट्यावर वडिलांचं पितळ ठेवतो.
आकडा थरथरतो, थरथरतो,
थांबतो.
मग मी बसतो.